रस्ता मोकळा राहिला पाहिजे

“निवडणूक तर घ्यायचीच, हरिहर. फक्त रस्ता मोकळा राहिला पाहिजे,” नारायणकाका म्हणाले आणि बशीत ओतलेल्या चहावर त्यांनी फुंकर घातली.

वाक्य साधंच होतं. अमरावतीतल्या कुठल्याही मातब्बर वकिलानं सकाळी ओसरीवर बसून म्हणावं असं. पण हरिहरच्या पाठीवरून काहीतरी ओलं, थंडगार सरपटत गेलं. वर्षापूर्वी जावा बेटावर एका ब्रिगेडियरनं हेच वाक्य त्याला ऐकवलं होतं. शब्द इंग्रजी होते, एवढाच फरक. आधी निवडणूक, मग तो ‘फक्त’, मग रस्ता. तो गोरा माणूस दाढी करता करता बोलला होता, गालावर साबण तसाच होता. आणि हे काका! अंगात खादी, बेचाळीस साली तुरुंगात जाऊन आलेले, वडिलांच्या मागं हरिहरला ज्यांनी वाढवलं, नागपूरला धाडून वकील केलं ते. या दोघांच्या तोंडून एकच वाक्य निघावं याची त्याला किळस आली, आणि काकांची किळस यावी याची आणखी वेगळी किळस आली. काका बोलतच होते. नागपूरला आता आपलं मंत्रिमंडळ बसलं आहे, गोरे आज ना उद्या जाणार, आणि अशा वेळी भाजीबाजारातल्या माळणींवर पोलिसांनी लाठी चालवली तर लोक आपल्या तोंडात शेण घालतील. म्हणून काकांच्या बाजार-व्यवस्था समितीनं ठरवलं होतं की विक्रेत्यांनीच मतं टाकून आपले पंच निवडावेत, आणि त्या पंचांनी आपण होऊन बाजार नाल्यापलीकडच्या पटांगणात हलवायला संमती द्यावी. म्हणजे जबरदस्ती कुणाचीच नाही.

“तुला अनुभव आहे,” काका म्हणाले. “तिकडं तू हेच काम केलंस ना? लोकांना कारभार शिकवायचं.”

“आणि त्यांनी किसनराव माळ्याला निवडलं तर? तो जागा सोडणार नाही.”

“किसनरावच येणार. तो आला की पुढचं पुढं बघू. शांतताभंगाची कलमं काय गोऱ्यांनी बरोबर नेली आहेत?” काका हसले. मग त्यांचा चेहरा गंभीर झाला, आणि ते गांभीर्य खोटं नव्हतं. “नत्थुजी शिंप्याला तूच पाहिलंस ना दिवाळीत? दवाखान्यात न्यायला आणलेला टांगा पुढं जाईना, मागं येईना. कांद्याच्या पोत्यांमध्ये मेला तो.”

पाहिलं होतं. दंग्याच्या नुसत्या आवईनं धावाधाव झाली, कुणीतरी नत्थुजीच्या पोटात सुरी खुपसली, आणि बडनेऱ्याहून येणारा पोलिसांचा ट्रक बाजाराच्या तोंडाशी पाट्या, हातगाड्या आणि माणसं यांच्यात रुतून बसला. मुंबईत, कलकत्त्यात त्या वर्षी काय काय झालं हे रोज छापून येत होतं. रस्ता पाहिजेच होता. हरिहरला हेच असह्य होई. रस्ता कधीच खोटा नसे. तिकडंही तो खोटा नव्हता.

तिकडं म्हणजे डोंगराखालच्या एका लहानशा गावात. जपान शरण आला होता, पण त्यानं कोंडून ठेवलेली डच बायकापोरं डोंगरावरच्या छावणीतच अडकली होती, आणि त्यांना बंदरावर आणायला हिंदी पलटणी उतरल्या होत्या. हरिहर कॅप्टन होता. महिन्या-दोन महिन्यांत तिकडची भाषा उचलली म्हणून गावकऱ्यांशी बोलण्याचं काम त्याच्याकडं आलं. ब्रिगेडियरकडे वरून आलेले दोन हुकूम होते. पहिला असा की आपण इथं राज्य करायला आलेलो नाही, लोकांचा कारभार लोकांच्या हाती देण्यास साहाय्य करावं. दुसरा असा की डच अधिकारी परत येईपर्यंत बंदर आणि डोंगरातला रस्ता हातचा जाऊ देऊ नये. दोन्ही कागद एकाच टेबलावर एकाच दगडाखाली ठेवलेले असत आणि वारा आला की एकदमच फडफडत. गावानं आपली समिती निवडावी ही कल्पना ब्रिगेडियरचीच. हरिहरला तिचा कोण आनंद झाला होता! त्या लोकांकडे निवडायची त्यांची जुनी रीत होती. पडद्याआड बांबूची नळकांडी टांगायची, एकावर भाताची लोंबी काढलेली, एकावर केळं, एकावर मक्याचं कणीस. प्रत्येकाच्या हाती नारळाच्या हिराची एक काडी द्यायची. माणूस आत जाई, आपल्या माणसाच्या नळकांड्यात काडी टाकून बाहेर येई. काडी पडल्याचा बारीक खट आवाज रांगेत ऐकू येई आणि रांगेतल्या बायका तोंडावर हात धरून हसत. सगळ्यांनी धुतलेले कपडे घातले होते. एका म्हातारीनं काडी कपाळाला लावून मग टाकली. ते पाहून हरिहरचे डोळे भरून आले होते. आता ते आठवलं की त्याला आपल्या त्या ओल्या डोळ्यांची घाण वाटे. ओठाला लागलेलं दुसऱ्याचं उष्टं पुसावं तसं त्यांना पुसून टाकावंसं वाटे.

निवडून आला केळाचा बांबू, म्हणजे शाळामास्तर वार्सितो. सडपातळ, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेला. तो म्हणाला, पोरांना खुशाल न्या, पोरांशी आमचं वैर नाही. तुमचे ट्रक पांढरं निशाण लावून वर जाऊ देत, भरून खाली येऊ देत. पण दुसऱ्यांदा वर जाताना ते रिकामे असले पाहिजेत. शिपाई नकोत, डच नकोत. हरिहरनं ते ब्रिगेडियरला सांगितलं, ब्रिगेडियरनं मान हलवली, आणि हरिहरनं ती मान मास्तरला शब्दांत करून दिली. पहिल्या खेपेला पोरं खाली आली. एका मुलीला त्यानं स्वतः उचलून उतरवलं. सरपणाची मोळी उचलावी तसं ते हलकं, टोचरं अंग होतं, आणि पोट तेवढं फुगलेलं. म्हणून तर त्याला पुढं कधीच धड संतापताही आलं नाही. दुसऱ्या खेपेला तो सर्वांत पुढच्या जीपमध्ये पांढरं निशाण घेऊन बसला होता. गाडी हाकत होता सहदेव, त्याच्याच अमरावतीचा, माळ्याचा पोरगा. घाटाच्या पायथ्याशी सहदेव आरशात पाहत म्हणाला, “साहेब, मांगचे ट्रक दबून चालून रायले.” हरिहरनं मागं पाहिलं. ताडपत्र्या घट्ट बांधलेल्या होत्या आणि रिकाम्या म्हणवलेल्या ट्रकांच्या कमानी वजनानं खाली बसल्या होत्या. तो काही बोलला नाही. सहदेवही नाही. निशाण फडफडत राहिलं. ताडपत्र्यांखालून शिपाई उतरले, आणि दुपारपर्यंत वार्सितो शाळेच्या ओसरीवर हात बांधलेला उभा होता आणि त्याच्या खुर्चीवर तांदळाचा एक व्यापारी बसला होता, ज्याच्या नळकांड्यात मूठभरसुद्धा काड्या पडल्या नव्हत्या. जाहीरनामा वाचून दाखवायचं काम हरिहरकडं आलं. जनतेनं व्यक्त केलेल्या इच्छेचं संरक्षण व्हावं म्हणून समिती तूर्त स्थगित. ‘संरक्षण’ हा शब्द उच्चारताना जिभेवर केस आल्यासारखं झालं. तो निघेना आणि गिळताही येईना. वार्सितोनं जाहीरनामा सगळा ऐकला आणि मग, आगगाडीत शेजारच्याला गाव विचारावं तशा साध्या आवाजात विचारलं, “तुम्ही हिंदुस्थानातले ना?”

घरी आल्यावर हे सगळं त्यानं फक्त बायकोला, चारुशीलेला सांगितलं होतं. ती निवडत बसलेली डाळ बाजूला ठेवून ऐकत राहिली. शेवटी तिनं एवढंच विचारलं, “त्या मास्तरांचं पुढं काय झालं?” हरिहरला माहीत नव्हतं. त्यानं कुणाला विचारलंच नव्हतं. तिनं डाळ पुन्हा पुढं ओढली, आणि त्या दिवसापासून तिच्यासमोर तो विषय काढायची त्याला भीती वाटू लागली.

काकांना ‘पाहतो’ म्हणून तो बाजारात गेला. जुन्या भाजीबाजाराला स्वतःचा एक वास होता. कुजलेला कोबी, ओली पोती, चुरगळलेला झेंडू आणि बायकांच्या तंबाखूचा. किसनराव कोपऱ्यावरच्या आपल्या जागेवर मेथीच्या जुड्या रचत होता. त्याच्या बापानंही तिथंच जुड्या रचल्या होत्या. साठीचा उंच माणूस, मिशा पांढऱ्या, आवाज विहिरीतून आल्यासारखा. शेजारी त्याची भावजय माणिकबाई फुलं ओवत बसली होती.

“या वकीलसाहेब. खरं हाय काय हे? आमचं मत पडनार म्हनते?”

“पडणार.”

“बाया बी टाकनार?” माणिकबाईनं विचारलं.

“बाया पण.”

“मंग मी लुगडं धुवाले टाकतो वो,” ती म्हणाली, आणि आजूबाजूच्या बायका हसल्या. किसनरावनं जुडी खाली ठेवली. “सरकारच्या निवडणुकीत आमाले मत नाई. घरपट्टी पायजे, शिक्षन पायजे. आमाले आजलोक कोनी इचारलंच नाई साहेब, का बा तुमचं काय म्हननं हाय. आता तुमी इचारून रायले, त सांगतो ना आमी. रस्ता देऊ. काहून नाई देनार? नत्थुजी आमचाच होता. मधातून एक गाडीची वाट सोडतो, दोरी बांधून. पन नाल्यापल्याड नाई जात. तिथं चार महिने गुडघाभर पानी रायते.”

मधून एक गाडीची वाट. हे काकांना त्यानं त्याच दुपारी सांगितलं. काका म्हणाले, पोलीससाहेबांना दोन ट्रक शेजारी शेजारी जाणारा रस्ता हवा आहे, आणि दोरीवर विसंबून शहराची शांतता राखता येत नाही. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की मतं पडली म्हणजे लोकांचा मान राखला गेला, आणि मतं बाजूला सारली म्हणजे लोकांचा जीव राखला गेला. दोन्ही पुण्यं एकाच हातानं ते करू पाहत होते. हरिहरला त्या हाताकडे, त्यावरच्या स्वच्छ कापलेल्या नखांकडे बघवेना.

संध्याकाळी सहदेव आला. पलटणीतून सुटल्यावर तो पुन्हा मळ्यात लागला होता, पण बूट अजून पलटणीतलेच घालायचा आणि हरिहरसमोर अजून टाच जुळवायचा. किसनराव त्याचा सख्खा चुलता. हरिहरला वाटलं, आता हा बोलेल. जो एकटा साक्षीदार आहे तो विचारेल, साहेब, इथं पण तेच करणार काय? त्या प्रश्नाची तो दिवसभर वाट पाहत होता असं त्याला त्या क्षणी कळलं. गळवाला सुई लागावी तशी त्याला त्या प्रश्नाची गरज होती.

सहदेव ओसरीच्या पायरीवर टेकला. जास्वंदीच्या वाळक्या पानांकडे पाहत म्हणाला, “साहेब, काकाजी निवडून येते. त्यात काई शंका नाई.”

“हो.”

“पन थो जागा सोडनार नाई. मंग तुमाले त्याले उचलाच लागन.”

हरिहरनं पायरीवरचं एक वाळकं पान उचललं.

“तिथं आपन त्या तांदूळवाल्या शेटले बसवलं, तसं इथं मले बसवा.” तो अगदी हळू, नीट बोलत होता, बरेच दिवस मनात घोळवल्यासारखं. “मी रस्ता देतो. दोन ट्रकचा पायजे त दोनचा. एक पाटी कोनी आडवी ठेवली त मले सांगजा.”

“सहदेव, तो तुझा काका आहे.”

“हाय ना. म्हनूनच त म्हनतो. परका बसला त काकाजीचे हाल करन. मी बसलो त जेलात त्याले दोन टाईम डबा पोचवीन. बाहीर आला का दुकानात बसवीन.” मग त्यानं मान वर केली. त्या डोळ्यांत लबाडी नव्हती. कष्टानं काहीतरी शिकलेल्या माणसाची नम्रता होती. “तुमी निशान धरून बसले होते, मी गाडी हाकत होतो. आपन दोघायनं संगच शिकलं साहेब. म्हटलं, आपल्या गावाच्या काई कामी येईन.”

“तुझ्यामागं माणसं किती?” हरिहरनं विचारलं.

प्रश्न हवेत गेल्यावर मग तो त्याला ऐकू आला. आवाज स्वच्छ होता, शांत होता, त्यात कुतूहल होतं. चांगला अधिकारी चांगल्या हस्तकाला विचारतो तसा. सहदेव उत्साहानं सांगू लागला. बडनेरा रस्त्याचे माळी आपले, कांदेवाले अर्धे आपले, बागवान मंडळी वाऱ्यासोबत जातील. हरिहर उठला. मागल्या दारी जाऊन मोरीत तोंडावर पाणी मारत राहिला. आपल्या आत कुणीतरी एक टापटिपीचा माणूस कायमचा राहायला आला आहे, आपल्याला न विचारता प्रश्न विचारतो आहे, आणि त्याला हाकलायचं तर कुठल्या दारानं हे कळत नाही, असं त्याला वाटलं. तो बाहेर आला तेव्हा सहदेव टाच जुळवून निघून गेला होता. नकार ऐकायला तो थांबलाच नव्हता, आणि हरिहरनं तो दिलाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यानं काकांना सांगितलं, हे काम माझ्याच्यानं होणार नाही.

“का?”

“लोकांना विचारायचं असेल तर विचारा. हटवायचं असेल तर हटवा. दोन्ही एकदम करू नका.”

काका रागावले नाहीत. “दोन्ही एकदम करणं, यालाच राज्य करणं म्हणतात, हरिहर. आम्हीही आता शिकतो आहोत. बरं, तुझ्याजवळ तिसरं काही आहे? असेल तर सांग, मी करतो.” हरिहरजवळ दोरीखेरीज काही नव्हतं. “मग उत्तमराव करील,” काका म्हणाले.

तो किसनरावला सावध करायला गेला. हळू आवाजात सांगितलं की निवडून आलात तरी ते तुम्हाला ठेवणार नाहीत, पुतण्याला बसवतील. किसनरावनं ऐकून घेतलं आणि त्याचा चेहरा बंद झाला. “तुमाले तुमच्या काकासाहेबानं धाडलं काय? आमाले भेव दाखवाले? घरात भांडनं लावाले?” त्यानं पाण्याचा हबका मेथीवर मारला, त्याचे थेंब हरिहरच्या धोतरावर उडाले. “आमी भेत नाई. मत पडू द्या.” माणिकबाईनं तोंड फिरवलं. हरिहर खरं बोलत होता, पण ज्या तोंडानं तो ते बोलत होता ते तोंड नारायणराव वकिलांच्या घरातलं होतं, पलटणीत पगार खाल्लेलं होतं. त्यातून निघालेलं खरंसुद्धा वास मारत असेल तर त्यात किसनरावचा काय दोष?

मतं पडली. उत्तमराव नावाच्या तरुण वकिलानं सगळं चोख केलं. लाल मडकं, हिरवं मडकं, बायकांची रांग वेगळी. हरिहर घराबाहेर पडला नाही, पण बायका धुतलेली लुगडी नेसून गेल्या हे चारुशीलेनं येऊन सांगितलं. किसनराव भरघोस मतांनी आला. त्यानं आपल्या हातानं मधोमध दोरी बांधली आणि नाल्यापलीकडं जायला नकार दिला. आठवडाभरात त्याला शांततेला धोका म्हणून नेलं. निवडलेल्या पंचांची समिती स्थगित झाली, आणि विक्रेत्यांच्या हितरक्षणासाठी सहदेवची तूर्त नेमणूक झाली. पुढच्या बाजाराच्या दिवशी माळणी पाट्या डोक्यावर घेऊन नाला ओलांडताना दिसल्या. कुणी ओरडलं नाही, कुणावर लाठी पडली नाही. त्यांनी स्वतःच मतं टाकून पंच निवडले होते ना, मग ओरडणार कुणाच्या नावानं? आणि पुढं संक्रांतीच्या सुमारास खरंच आग भडकायची वेळ आली तेव्हा दोन ट्रक शेजारी शेजारी त्या रस्त्यानं सुसाट आत गेले आणि एकही माणूस दगावला नाही. काकांनी ते हरिहरला मुद्दाम सांगितलं नाही. त्यांनी सांगितलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

उन्हाळ्यात त्यानं अमरावती सोडली. अकोल्याला जठारपेठेत दोन खोल्या घेतल्या आणि किरकोळ वकिली सुरू केली. भाडेकरूंची भांडणं, बांधाचे दावे. तिथं कुणी त्याला अनुभव विचारत नव्हतं. पंधरा ऑगस्टला तोही चौकात जाऊन झेंड्यासमोर उभा राहिला आणि सगळ्यांसारखाच रडला. रडताना आतला टापटिपीचा माणूस शेजारी उभा राहून बघत होता, एवढंच.

थंडी पडू लागली तेव्हा एका सकाळी दारात सहदेव उभा. अंगावर नवा कोट, पायांत नवे बूट, बरोबर भाजीची भरगच्च पाटी. समितीच्या कामानं अकोल्याला आलो होतो म्हणाला. टाच जुळवली नाही. खुर्चीवर बसला.

“किसनराव?” हरिहरनं विचारलं.

“सोडलं ना, उन्हाळ्यातच. दुकानात बसवतो त्याले. म्हटलं होतं तुमाले.” त्यानं कोटाच्या बाह्या नीट केल्या. “बोलत नाई कोनाशी. पन पाटी बाकी अशी मांडते साहेब, का पाहात रावं.” मग उठताना म्हणाला, “तुमी कावून सोडलं अमरावती? नारायणराव साहेब लय आठवन काढते तुमची. मी बी सांगतो सगळ्याइले, मले जे आलं थे साहेबापासून आलं.”

तो गेल्यावर हरिहरनं चारुशीलेला सांगितलं, ही पाटी उचल आणि बाहेर कुणालाही देऊन टाक.

“का? भाजीनं काय केलंय?” ती म्हणाली. तिनं वांगी हातात घेऊन पाहिली, देठ ताजे होते. ती पाटी आत घेऊन गेली. थोड्या वेळानं तेलात मोहरी तडतडली, तिळाचा आणि खोबऱ्याचा खमंग वास दोन्ही खोल्यांत भरला. हरिहर खिडकीशी उभा राहून ठरवत होता की आपण ताटावरून उठायचं. काही न बोलता, सरळ उठायचं. तेवढं तरी.

पानं वाढली. तो बसला. भरली वांगी कोवळी होती, तेल सुटेपर्यंत परतलेली. पहिला घास त्यानं तोंडात धरून ठेवला आणि किळस यायची वाट पाहिली. चारुशीला समोर बसून पोळीला तूप लावत होती. घास विरघळला. दुसरा त्यानं नीट चावून खाल्ला. तिसऱ्याला मसाल्यातली मिरची जिभेला लागली आणि डोळ्यांत चांगलं, निरोगी पाणी आलं. भूक लागली होती. भाजी फार सुरेख झाली होती.

“आणखी वाढू?” चारुशीलेनं विचारलं.

त्यानं ताट पुढं केलं.